पाटलाची भाकड गाय

१९५८ च्या मे महिन्यात दिग्रसजवळच्या आमच्या गावात पाटलाची भाकड गाय मेली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्या बापानं त्या सडलेल्या गाईच्या खुरावर कपाळ टेकवलं. मी बाजूलाच उभा होतो.

गाय आखरावर पडली होती. आखर म्हणजे गावची ढोरं सकाळी जमतात ती जागा. पूर्वी ढोर मेलं की पाटलाचा गडी आमच्या वस्तीत हाक द्यायचा आणि आमची माणसं दोर घेऊन निघायची. ओढायचं, सोलायचं. खायचंही. १९५६ साली वस्तीनं धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर तो दोर कोणी हातात धरला नव्हता.

गावानं त्यावरून आपला अर्थ काढला. मेल्या ढोरावर धावून येणारे आले नाहीत, म्हणजे यांनीच तिला विष घातलं. पाटलानं माझ्या बापावर आणि माझ्यावर तशी फिर्याद दिली.

पोलीस जमादार आला. पाटलाकडे त्या दिवशी एक माजी आमदार पाहुणे होते, तेही आले. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे. गाई मारण्याला बंदी घालणारा कायदा झाला तेव्हा ते नागपूरच्या विधानसभेत होते. त्यांच्यासाठी लिंबाखाली बाज टाकली. वास जाणार नाही अशा अंगाला.

बापाला उन्हात बसवलं. जमादारानं काठीच्या टोकानं त्याचं मुंडासं उडवलं. ते गाईच्या पोटापाशी पडलं. कोणी उचललं नाही.

"काहून रे किसन्या, बुद्ध झाला म्हणून गाय मारली?"

"मी नाही मारली, साहेब. म्हातारी होती. आपोआप मेली."

"मंग ओढाले काहून नाही आला?"



पाटलाला वेगळीच काळजी होती. "भाऊसाहेब, जमादार म्हणते, कायदा शेतीसाठी हाय. ही तं भाकड होती. ना दूध, ना गोऱ्हा. केस टिकन का?"

भाऊसाहेब पान लावत होते. हसले. "शेतीच लिहावी लागते, पाटील. आई लिहिली तर कोर्टात प्रश्न निघतात. हात वर करताना मात्र आमच्या डोळ्यांपुढे आईच होती."

हे ते आमच्यासमोर बोलले. ऐकणाऱ्यांत आम्हाला धरलेलंच नव्हतं.

मग त्यांनी तोड सांगितली. किसननं गाईच्या पाया पडावं. चुकलो म्हणावं. बापलेकांनी तिला ओढून नाल्यापलीकडे टाकावं. फिर्याद मागे घेऊ. नाहीतर दोघांनाही तुरुंग.

बापानं माझ्याकडे पाहिलं. मी दिग्रसच्या जिनिंगमध्ये कापूस वाहून शिकलो होतो. मास्तरकीसाठी माझं नाव लागलं होतं. जूनमध्ये हजर व्हायचं होतं. आमच्या घरातली ती पहिली नोकरी. पोलीस केस झाली की ती जाणार, हे बापाला माहीत होतं.

तो उठला. खुरापाशी गुडघे टेकले. माश्यांचा थवा उठला, पुन्हा बसला. कपाळ खाली गेलं.

"चुकलं, माय."

आता कोणत्याच देवाच्या पाया पडायचं नाही, असं दीक्षेच्या दिवशी त्यानंच मला बजावलं होतं.

पाटलानं दोर माझ्या पायाशी फेकला. "आता तू."

मी म्हणालो, "शेती नुसती लिहाले हाय, असं भाऊसाहेब आत्ताच म्हणाले. मंग आम्हाले कोणत्या कायद्यानं धरून राह्यले?"

काठी कानशिलावर बसली. "लय शिकलं हे," मागून कोणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"दोर मी धरत नाही. न्यायचं तं न्या."

नेलं. बापालाही नेलं. तो पाया पडला, हाच त्याचा गुन्हा कबूल केल्याचा पुरावा धरला.

ढोरांच्या डॉक्टरला विष सापडलं नाही. गाय म्हातारपणानं मेली होती. केस उभी राहिली नाही, आम्ही सुटलो. तोवर माझ्या जागेवर दुसरा मास्तर हजर झाला होता.

पुढे मी वर्तमानपत्रात लागलो. तो कायदा मुळातून वाचला. राज्यघटनेतलं गाईबद्दलचं कलमही वाचलं. तिथे शेती आहे, पशुपालन आहे, शास्त्रीय पद्धत आहे. आई हा शब्द नाही.

सुटून आल्यावर बाप रोज सकाळी कपाळ राखेनं घासायचा. कातडी सोलली तरी घासायचा.

"काय घासून राह्यले? काहीच नाही तिथं," आई म्हणायची.

"वास येते."

मला वास येत नाही. मला ते शब्द ऐकू येतात. बातमी लिहिता लिहिता मधेच. चुकलं, माय. आवाज बापाचा नसतो. माझा असतो.

आम्ही सुटलो त्याच वर्षी पोळ्याच्या आधी पाटलाची दुसरी गाय मेली. गडी आमच्या दारात येऊन उभा राहिला. मी उठलो. बापानं खांद्याला धरून मला खाली बसवलं आणि स्वतः बाहेर गेला.

"पाटलाले सांग," तो म्हणाला, "आई त्याची हाय. खांदाही त्यानंच द्यावा."

वस्तीतून कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटलाची दोन्ही पोरं नाकाला दुपट्टे बांधून आखरावर आली. दोर त्यांनीच बांधला. त्यांनीच ओढलं. गाय नाल्यापलीकडे जाईस्तोवर बाप वस्तीच्या तोंडाशी उभा होता. डोक्यावर नवं मुंडासं होतं.