पाना न लागणारी पेटी

लडाखच्या पोस्टिंगला मी लान्स नायक होतो. काम डिस्पॅच रायडरचं. बेसवरून वरच्या पोस्टांना डाक, औषधं आणि रेडिओच्या बॅटऱ्या मोटारसायकलवरून पोहोचवायच्या. सामान कॅनव्हासच्या थैल्यांत असायचं. थैल्या भिजायच्या, खडकाला घासून फाटायच्या. वर्कशॉपच्या सुभेदार साहेबांनी एक दिवस पत्र्याच्या दोन रिकाम्या पेट्या दिल्या. म्हणाले, "बसवून बघा."

सोबतीला माझ्याहून एक हुद्दा वरचा नायक सुभाष होता. तो परळी वैजनाथकडचा, मी पाटोदा तालुक्यातला. त्याच्या घरचे बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचे. इतरांत आम्ही हिंदी बोलायचो, दोघंच असलो की बीडची भाषा.

आधी चेसिसला लोखंडी पाइपची चौकट जोडली. उजवीकडे सायलेन्सर, म्हणून तिकडची पेटी जरा बाहेर घ्यावी लागली. गाडी त्या अंगाला ओढायला लागली. मग डावी पेटीही तेवढीच बाहेर घेतली. हादऱ्यांनी बोल्ट ढिले होत होते, तर जुन्या ट्यूबचे वॉशर कापून घातले. पेट्या पक्क्या बसल्या. मला वाटलं, काम झालं.

सुभाष मात्र गाडीभोवती फिरत राहिला.

"काढायची कशी?"

"पान्यानं."

"हातमोजे घालून?"

मी करून पाहिलं. बोल्ट गोठले होते. बोटं बधिर झाली, एकही बोल्ट हलला नाही.

"का रं," सुभाष हसला, "बैल सोडायला पाना लागतो का?"

बैलगाडीच्या जुवाला बैलाच्या मानेशेजारी एक दांडी असते, शिवळ. ती वर ओढली की बैल मोकळा. सुभाषनं तेच केलं. पेटीच्या पाठीला दोन आकडे लावले, ते चौकटीत अडकवायचे. खाली एक पोलादी पिन. पिनेला हातमोजा घातलेलं बोट जाईल एवढी कडी. आम्ही पेट्यांत दगड भरले आणि खड्ड्यांतून गाडी पिटाळली. पहिल्याच वळणावर पिन उडाली आणि पेटी रस्त्यावर. सुभाष खूश झाला. "आता कळलं, कुठं चुकलं!" त्यानं पिनेला स्प्रिंग लावली. पुन्हा पेटी पडली नाही.

नंतर एका दुपारी वरच्या ब्राव्हो पोस्टवरून रेडिओ वाजला.

"ब्राव्हो टू बेस. एक जवान सीरियस. श्वास लागतोय. ऑक्सिजन संपत आलाय. ओव्हर."

ढग खाली होते, हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. दरड कोसळून रस्ता अरुंद झाला होता. ट्रक जाणार नव्हता, मोटारसायकल जाईल असं वाटत होतं. दोन पेट्यांत ऑक्सिजनचे दोन छोटे सिलिंडर घोंगडीत गुंडाळून ठेवले. मी चालवायला, सुभाष मागे.

पोस्टच्या खाली नाला आहे. पाणी चढलं होतं. सुभाष आधी उतरला, पायानं दगड चाचपत पुढे गेला आणि वळून म्हणाला, "ये."

मध्यावर पुढचं चाक दोन दगडांत घसरलं. गाडी डाव्या अंगावर पडली, डावी पेटी खाली दबली. वरच्या उतारावरून बारीक खडी घरंगळायला लागली. सुभाषनं हँडलखाली खांदा घातला आणि गाडी उचलून धरली.

"पेट्या काढ!"

उजवी पिन ओढली, पेटी हातात आली. पाण्याखाली हात घालून डावी चाचपली. तीही सुटली.

"तुमी पण चला."

"तू नीघ. ऑर्डर हाय."

मी दोन्ही पेट्या घेऊन काठ गाठला. मागे दगड कोसळले. वळून पाहिलं तर गाडी दिसत होती. सुभाष दिसत नव्हता.

पोस्टवरून चार जवान खाली आले. दोघं पेट्या घेऊन वर पळाले, दोघं माझ्याबरोबर पाण्यात उतरले. सुभाष थोडा खाली, खडकाला अडकलेला सापडला. डोक्याला मार होता. श्वास नव्हता. वर जाऊन मी रेडिओ घेतला.

"बेस, ऑक्सिजन पोहोचला. नायक सुभाष शहीद. ओव्हर."



आता मी निवृत्त आहे. यंदा माझ्या मोटारसायकलला पाटोद्यात युनूसभाईंच्या गॅरेजमध्ये पेट्या बसवून घेतल्या. मिस्त्री म्हणून त्यांचं नाव आहे. पिन दोनदा ओढून बघत त्यांनी विचारलं, "लई सोपं हाय हे, हवालदारसाब. कुनाचं डोकं?" मी सुभाषचं नाव सांगितलं. मग जे घडलं तेही सांगितलं. त्यांनी पिन पुसून परत जागेवर बसवली.

त्याच गाडीवरून परळीला सुभाषच्या आईला भेटून आलो.

तो आजारी जवान वाचला. आसामचा आहे. त्यानं सुभाषला कधी पाहिलं नाही. वर्षातून एकदा त्याचा फोन येतो आणि दर वेळी तो एकच विचारतो, "उनके बारे में एक बात बताइए." मी दर वेळी नवीन काही सांगतो. सुभाष चहात किती साखर घालायचा, काम करताना शिट्टीवर कुठलं गाणं वाजवायचा, असं.

यंदा त्याला सुभाषच्या आईकडून कळलेली गोष्ट सांगितली. मलाही ती माहीत नव्हती. सुभाष लहानपणी विहिरीत पडला होता. तेव्हापासून तो गुडघाभर पाण्यालाही भ्यायचा.