कोपऱ्याचा प्लॉट आणि न खोदलेली विहीर

आमचे शेजारी युवराजभाऊ प्लॉटचे दलाल. कार्डावर 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' छापलंय. म्हणजे तेच, नुसती इस्त्री फिरवलेली. शिंदखेड्याकडून आले, बारा वर्षांत अर्ध्या जळगावाला जागा दाखवल्या आणि स्वतः आमच्या भिंतीला भिंत लावून भाड्याच्या दोन खोल्यांत. बायकोला, हेमांगीला, स्वतःचं घर हवंय. तिने मागितलं की हे म्हणणार, "थांब गं, चांगली जागा हाती लागू दे."

हाती लागली की मात्र गिऱ्हाइकाला दाखवायला जीव होत नाही. दलाली दुसऱ्याची करायची आणि मलई आपण खायची, असा यांचा दुहेरी धंदा.

गेल्या वर्षी अजिंठा रस्त्याकडचा कोपऱ्याचा प्लॉट विकायला आला. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले धम्मपालभाऊ इसार द्यायलाच युवराजभाऊंच्या ओट्यावर आले. मी पलीकडे कुरडया वाळत घालत होते. कान काही वाळत घातले नव्हते.

"भाऊ, तुम्हले खरं सांगस," युवराजभाऊ आवाज बारीक करून म्हणाले, "ती जागा चांगली नही शे. खाली बुजवलेली विहीर आहे. एक सून गेलीय त्यात."

"भूतबित आम्ही मानत नाही," धम्मपालभाऊ म्हणाले, "पण बुजवलेल्या विहिरीवर घर खचतं." आणि इसार खिशात घालून निघून गेले.

आठवड्याभरात प्लॉट युवराजभाऊंच्या नावावर! तोवर विहिरीची गोष्ट मी गल्लीभर पोहोचवली होती. असली बातमी एकटीने ठेवू नये, बाधते.

भूमिपूजनाला नारळ घेऊन गेलेली हेमांगी जागेवर पोचताच थबकली. "हा तोच ना, विहिरीचा?"

"अगं, विहीर कसली! मीच उठवली होती."

"मग खोटं तेव्हा बोललात, की आता बोलताय?"

नारळ न फोडताच घरी आला. युवराजभाऊ माझ्याकडे धावले, "ताई, तुम्ही तरी सांगा तिला!"

"मी काय सांगू? मी ऐकलं ते तुमच्याच तोंडून."

मग प्लॉट विकायला काढला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी विहीर विचारायचं. इकडे बँकेचा हप्ता थांबेना. शेवटी आले पुन्हा धम्मपालभाऊच. भूमी अभिलेखातून जुना मोजणी नकाशा काढून आणला होता. त्यात विहीर काय, डबकंसुद्धा नव्हतं. नकाशा पुढ्यात ठेवून त्यांनी भाव सांगितला, युवराजभाऊंच्या खरेदीपेक्षा कमी. युवराजभाऊंनी मान डोलावली. दुसरं काय डोलावणार?

धम्मपालभाऊंच्या नव्या घरी बुद्धवंदनेला आम्ही दोघी गेलो. स्वयंपाकघरात खिडकीखालच्या ओट्यावरून हेमांगीने हात फिरवला. पुढच्याच रविवारी नवऱ्याला स्कूटर काढायला लावून ती दुसऱ्या दलालाकडे गेली. मीही मागोमाग रिक्षाने; असं सोडायचं असतं का?

त्या दलालाने एक जागा दाखवून तिचं तोंडभर कौतुक केलं. हेमांगीने सगळं ऐकून घेतलं.

"एवढी चांगली आहे," ती म्हणाली, "तर मग तुम्ही स्वतः का नाही घेतली?"

युवराजभाऊ दूर उभे राहून हेल्मेट पुसत होते.