रामाजीच्या ढिगावरचा दगड

धानोऱ्याच्या जंगलातून वडशाच्या रेल्वेकडे जाणारा रस्ता सरकारनं बांधला, असं कागदोपत्री असेलही. वाटेवरच्या पळसटोला नावाच्या वस्तीत मात्र तो धुरपतानं बांधला, असं ती स्वतः सांगे आणि तिच्या तोंडावर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. खालच्या नाल्यापासून टेकडीपलीकडच्या उतारापर्यंतची गिट्टी तिच्या हातोड्यानं फोडलेली होती. पहिल्यांदा रोलर फिरला तेव्हा गावातल्या बाया घाबरून घरात पळाल्या. ही कमरेवर हात ठेवून उभी होती, जणू लेकीचं लग्न लागत होतं.

रस्ता झाला, बांबूचे ट्रक सुरू झाले आणि त्याच हिवाळ्यात त्या रस्त्यानं तिचा नवरा खाल्ला. रामाजी गाडीवान होता. वडशाला धान टाकून परतताना सगळे गाडीवान करायचे तेच त्यानं केलं. कासरा खुंटीला अडकवला, घोंगडी ओढली आणि झोपला. बैलांना वाट पाठ होती. पण ती जुनी वाट, जिच्यावर रानडुकरापेक्षा जोरात काही येत नसे. टेकडीवरच्या वळणात ट्रकनं गाडी उडवली. ट्रक कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही.

झाडीपट्टीत रीत आहे की वाटेत माणूस मेला, तर त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक दगड टाकायचा. तसा रामाजीचा ढीग वळणावर उभा राहिला. पहिला दगड धुरपतानं टाकला, स्वतः फोडलेल्या गिट्टीतला. त्या दिवशी तिनं ढिगाला सांगितलं, या रस्त्यावर आता आपल्या टोल्याचं कुणी मरणार नाही. आणि मग ती गावातल्या पोरांच्या हात धुऊन मागे लागली.

पंधरा-सोळा वर्षांची ती पोरंपोरी सगळी रस्त्याच्या मधोमध चालत. त्यांचं तरी काय चुकलं? जंगलातल्या पायवाटेला कडेच्या झुडपात साप, कडेलाच अस्वल. चालायला शिकवतानाच आईबापांनी मधातून चालायचं बजावलेलं. धुरपता हातात काठी घेऊन उभी राही आणि ओरडे, "जंगलात मधातून चाला, इथी कडेनं! इथचं अस्वल मधातूनच येते, अन् झाडावर चढाले वेळ देत नाई!" पोरं हसत, पण कडेला सरकत.

मग तिनं त्यांना कान दिले. गिट्टी फोडता फोडता रस्त्याचे आवाज तिच्या अंगात मुरले होते. पोरांना ढिगाजवळ ओळीनं बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि विचारायची, कोणता ट्रक, भरलेला की रिकामा, किती लांब? भरलेला चढावर कण्हतो, गिअर पडला की बैलाच्या चालीनं येतो. रिकामा उतारावर गप येतो, तोच घात करतो. सगळ्यांत तिखट कान चंदाचा, धुरपताच्या भावाच्या पोरीचा. चंदाची माय गेल्यापासून ती आत्यापाशीच वाढली होती. ट्रक नाल्यापल्याड असतानाच ती ड्रायव्हरचं नाव सांगे, "डोमाभाऊचा." आणि तो डोमाचाच निघे. धुरपताला असं वाटे की आपण मेलो तरी हा कान गावात राहील.

शेवटी तिनं सगळ्यांना आण घातली. जाणाऱ्या ट्रकच्या मागे बांबूची टोकं लोंबत. त्यांना धरून लटकत बाजाराला जायचं खूळ दुसऱ्या गावांतल्या पोरांत होतं. पळसटोल्यात ते चालणार नव्हतं. प्रत्येकानं रामाजीच्या ढिगावर दगड ठेवून शपथ घेतली. कोलू नावाचा ताडमाड वाढलेला खोडकर पोरगा होता, त्यानं तर सगळ्यांत मोठा धोंडा उचलून आणला. धुरपतानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

डोमा शेजारच्या गावचा, बांबूच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्यानं आपण होऊन येऊन सांगितलं, "बाई, मी वळनावर गाडी हळू घेत जाईन. रामाजीभाऊच्या ढिगावर एक दगड टाकीन अन् मंगच पुढं जाईन." धुरपताला भडभडून आलं. ट्रकवाल्यांवर तिचा राग होता, तो या एका माणसापुरता विरघळला. ती त्याच्यासाठी मोहाचे लाडू करून ठेवू लागली. गुडघे गेल्यामुळे तिला आता टेकडी चढवत नसे. पण बाजाराच्या दिवशी टेकडीपलीकडच्या उतारावरच्या झोपडीत बसून ती ऐके. ट्रक कण्हत येई, वळणावर अगदी मंद होई, ढिगावर दगड खडखडे आणि मग इंजिन जोर घेई. तेवढं ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडे. एका तरी माणसानं रीत राखली, असं ती ज्याला त्याला सांगे, आणि ऐकणारे मान खाली घालून हो म्हणत.

बरेच दिवस हे असं चाललं.

त्या बाजाराच्या दिवशी ट्रक मंद झाला, दगड पडला, इंजिनानं जोर घेतला आणि मग बांबू घसरल्याचा एकच कडकडाट झाला. धुरपता गुडघे विसरून वर चढली. दोर तुटून अर्धा भारा रस्त्यावर सांडला होता आणि त्याखाली कोलू होता. बाकीची पोरं, टोल्यातलीच, शपथ घेतलेलीच, कडेला उभी होती. या वेळी मात्र अगदी कडेला. डोमा ट्रकमधून खाली उतरून डोकं धरून बसला होता.

कोलू वाचला. दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापला.

धुरपता कोलूच्या घरी गेली ती त्याच्या मायचे, आशाबाईचे, पाय धरायला. माझी शिकवण कमी पडली, असं तिला म्हणायचं होतं. आशाबाईनं तिला धरून खाली बसवलं आणि रडता रडता बोलून गेली, "तुमचं काय चुकलं व बाई? हे पयल्यापासूनच चालू होतं. डोमा दगड टाकाले गाडी हळू करे, तवा पोट्टे चढत. आमी मीठ-तेल त्याइच्याच हातून मागवो. पायी गेलं त दिवस जाते."

"तुले ठावं होतं?"

"सगळ्याइले ठावं होतं. तुमालेच कोनी सांगतलं नाई. तुमाले वाईट वाटन म्हनून."

धुरपता तिथून उठली ती कशी घरी आली ते तिला कळलं नाही. गावानं दगा दिला, आणि तोही तिची कीव करून दिला, हे तिला सोसवेना. रामाजीच्या नावानं पडणारा प्रत्येक दगड तिला आठवला. त्या दगडावर तिनं सुखाचा श्वास सोडला होता. नेमक्या त्याच वेळी तिची पोरं बांबूला हात घालत होती. आणि तिनं लाडू वळले होते! चुलीवरचा लाडवांचा डबा उचलून तिनं उकिरड्यावर भिरकावला आणि चुलीपाशी येऊन बसली.

चंदा दारात उभी होती. धुरपतानं विचारलं, "डोमाचीच गाडी येऊन राह्यली, हे त्याइले कोन सांगे?"

चंदा आत येऊन तिच्यापाशी बसली.

"तूच ना?"

"दुसरे डायवर गाडी हळू नाई करत, आत्या. म्हनून मी आयकून सांगो." मग तिनं आत्याच्या मांडीत डोकं खुपसलं आणि हमसून हमसून रडली. "आता नाई जानार. माह्या मायची आन."

मेलेल्या मायची आण ऐकून धुरपता विरघळली. तिनं पोरीच्या केसांतून हात फिरवला. ही तरी माझी आहे, असं ती मनाशी म्हणाली.

बांबूचे ट्रक काही दिवस बंद होते, मग पुन्हा सुरू झाले. बाजाराचा दिवस आला. चंदा सकाळीच मोहफुलं वेचायला जाते म्हणून टोपली घेऊन गेली. धुरपता झोपडीत बसली होती. ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान कुठं मिटता येतात? नाल्यापल्याड गिअर पडला. भरलेला होता, डोमाचाच होता. तो चढ चढला, वळणावर आला आणि मंद झाला. दगड खडखडला.

पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती उठली, वळणाकडून उतरणाऱ्या रस्त्यावर गेली आणि उभी राहिली. कडेला नाही. साऱ्या टोल्याला कडेनं चाला म्हणून घसा कोरडा करणारी धुरपता रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

ब्रेक किंचाळले. ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. डोमा खिडकीतून बाहेर झुकला, चेहरा पांढराफटक. "बाई! मधात काऊन उभ्या राह्यल्या? मरान ना!"

"काऊन मरीन गा भाऊ? तू त इथी गाडी हळूच घेतेस ना? माह्या रामाजीसाठी?"

डोमानं तोंड आत घेतलं. मागे बांबू हलले आणि एकेक पोरगं खाली उतरू लागलं. ज्याला त्याला घाई होती, कुणी वर बघत नव्हतं. सगळ्यांत शेवटी रिकामी टोपली खाली पडली आणि तिच्यामागून चंदा उतरली.

धुरपतानं शिकवल्याप्रमाणे पोरं ओळीनं, कडेकडेनं, तिच्या बाजूनं निघून गेली. चंदा जवळ आली आणि क्षणभर थांबली. "आत्या, बाजूले सर ना. गाडीले जाऊ दे."

धुरपतानं तिच्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यांवर हात टेकून ती हळूच खाली वाकली आणि स्वतः फोडलेल्या गिट्टीवर, रस्त्याच्या अगदी मधात, मांडी घालून बसली.