बिनखिळ्याचं रेंज ऑफिस

टोपलीभर मोहफुलांची खरी किंमत सांगतो.
जंगलातलं जुनं रेंज ऑफिस. आणि आमचे सुदाम काकाजी.

काकाजी आज पहाटे दवाखान्यात वारले.

नागपूरहून तासाभरावर ती इंग्रजांच्या काळातली इमारत. साल न काढलेले सागाचे खांब, नाल्यातले दगड, छपरावर मातीचे कवेलू. काकाजी तिथे फॉरेस्ट गार्ड. रिटायर झाले तरी मागची खोली सोडली नाही.

मी हमालीतून वर आलेला, लाकूड कापायच्या आरा मशीनचा मालक. लाकूड ठोकलं की आतून कसं आहे ते कानाला कळतं. पहिल्या भेटीत खांब ठोकून पाहिला.

"काय ऐकून राहिला गा?"
"खणखणीत हाये, काकाजी."
"राहीनच. पुऱ्या इमारतीत एक खिळा नाही. लाकडात लाकूड बसवलं हाये."
"छपरातबी नाही?"
"नाही म्हनतो ना. तुह्या प्रताप नगरच्या बंगल्यात किती हायेत, ते मोज जाऊन."

पाडून सिमेंटचं बांधू, असं कोणी साहेब म्हणाला की काकाजी त्यालाही हेच ऐकवायचे.
असं पुन्हा कोण बांधून देणार? साहेब फाईल घेऊन परत जायचा.
इमारत 'एक खिळा नाही' या एका वाक्यावर उभी होती.

मोहाच्या दिवसांत बाया झाडाखालचा पाला पेटवतात. जमीन साफ झाली की फुलं वेचता येतात.
नियमाने बंदी. पण काकाजींचा हिशेब वेगळा.

"नाही म्हटलं तं चोरून पेटवतीन. त्यापेक्षा माह्यासमोर पेटवा."

आणि पळसाची हिरवी डहाळी घेऊन स्वतः उभे राहायचे. आग पसरली की झोडपून विझवायचे. इतकी वर्षं निभलं.

परवा वारा फिरला.

त्यांनी आधी बायांना नाल्यापलीकडे पाठवलं. सगळ्या वाचल्या.
तेही वाचले असते. पण कवेलूंवरच्या पाल्याने पेट घेतला, आणि काकाजी बादली घेऊन शिडी चढले.
छप्पर त्यांच्यासकट खाली आलं.

काल दवाखान्यात डोळे उघडले.
"उभी हाये ना गा?"
"खांब उभे हायेत, काकाजी."
"मंग. खिळा नाही ना तिले."

छपराचं मी काही बोललो नाही.

घाटावरून परत येताना तिकडे गेलो. मजूर जळालेल्या छपराची राख उपसत होते.

काकाजी, शेवटचा नमस्कार. तुमच्यासारखा राखणदार पुन्हा मिळायचा नाही.

राखेतून घमेलंभर खिळे निघाले.