गणपतरावांच्या दारातलं मैदान

माणूस अपमान विसरतो म्हणणाऱ्यांनी महालिंग हत्तरकीला पाहिलेला नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेला हा किरकोळ अंगाचा, शांत गडी गणपतराव सरनोबतांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होता. मशीन विकायचं आणि नकली सीडीवरून त्यात विंडोज घालून द्यायची, हा तिथला धंदा. सीड्या छापायचा महालिंग, सांगायचे मालक.

१९९९ साली पोलिसांची धाड पडली आणि गणपतरावांनी हात झटकले. “मला काय म्हाईत न्हाय, सायेब. ह्या पोरानं माझ्या माघारी उद्योग केलाय.” भर दुपारी पेठेतून महालिंगची वरात निघाली. पुढं पुरावा नाही म्हणून तो सुटला, पण तोवर निपाणीच्या पाहुण्यांनी ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि आई बसव्वा गल्लीतून मान खाली घालून चालायला लागली होती. गणपतरावांनी एकदा पेठेसमोर खरं सांगावं, एवढंच महालिंगला हवं होतं. ते सांगणार नाहीत, हेही त्याला ठाऊक होतं. मग त्यानं ठरवलं, ज्या नकली सीडीनं आपल्याला बुडवलं तिची गरजच गावातून संपवायची. मालक काय विकतात बघू.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत कॉम्प्युटर सांभाळताना त्याला लिनक्स सापडली. विंडोजच्या जागी चालणारी, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बांधलेली, कितीही वेळा कॉपी केली तरी पोलीस न येणारी. दर सहा महिन्यांनी तिची नवी आवृत्ती निघे. हाती आलेली पहिली आवृत्ती महालिंगनं गणपतरावांच्या दारासमोर उभं राहून फुकट वाटायला काढली. कुणी हात लावीना. “फुकट देतोयस म्हंजे कायतरी खोट हाय की,” लोक म्हणाले. गणपतराव काउंटरमागं पोट धरून हसले. ते हसणं महालिंगनं जपून ठेवलं.

कोल्हापूरकर फुकटाला भाळत नाही, पण कुस्ती म्हटलं की जेवत्या ताटावरून उठतो. पुढच्या आवृत्तीला महालिंगनं कुस्तीच्या मैदानासारखी हँडबिलं छापली : ‘खुलं आव्हान! नवी लिनक्स विरुद्ध तुमच्या घरचा कुठलाही व्हायरस. पाडून दाखवा.’ त्याच दारासमोर टेबलावर मशीन मांडलं, दोस्त कृष्णात हलगी घेऊन बसला. लोक पिशव्या भरभरून किडक्या फ्लॉप्या घेऊन आले. एकेक आत जाई, हलगी कडाडे, मशीन जागचं हलत नसे. त्या दिवशी सीड्या पुरल्या नाहीत.

तेव्हापासून दर आवृत्तीला मैदान, आणि तेही तिथंच. गणपतरावांचं गिऱ्हाईक फुटायला लागलं. आधी क्लासवाले गेले, मग पतसंस्था, मग शिरोलीचे कारखानदार. महालिंगला गोड वाटायचं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटायचं.

२००७ च्या मैदानाला गणपतराव स्वतः बाहेर आले. डोक्याला फेटा, हातात हार. वारा कुठं फिरलाय हे ओळखण्यात त्यांचा हात कोण धरणार! हार महालिंगच्या गळ्यात घालून त्यांनी माईक घेतला. “मंडळी, ह्यो माझा पठ्ठ्या! माझ्या दुकानात तयार झालाय!”

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. जिंकलेल्या पठ्ठ्यानं वस्तादाच्या पाया पडायचं, ही रीतच. सगळे महालिंगच्या वाकण्याची वाट बघायला लागले. आठ वर्षांचा राग त्या एका वाकण्यात मातीत जाणार होता.

महालिंगनं माईक आपल्याकडं ओढला. “मालक, समदं तुमीच शिकिवलं न्हवं?”

“समदं! एकूणएक काम.”

“तुमाला न इचारता मी कायबी केलं न्हाय?”

“छ्या! मला इचारल्याबगार ह्यानं स्क्रूसुदीक फिरवला न्हाय.”

“मग नव्याण्णव साली नकली सीड्या छापायला कुणी सांगितलं, वस्ताद?”

कर्ण्यातून प्रश्न पार कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत गेला होता. गणपतराव फेटा सारखा करत दुकानाकडं बघायला लागले. गर्दीच्या कडेला बसव्वा उभी होती. तिनं मान वर करून आजूबाजूच्या एकेकाच्या तोंडाकडं निवांत बघून घेतलं.

मग महालिंग सावकाश वाकला आणि रीतीप्रमाणं मालकांच्या पाया पडला.