साहेबाच्या गावचे आमचे साडू

आमच्या साडूंइतकी त्या गावाची माहिती असलेला माणूस खुद्द त्या गावातसुद्धा सापडायचा नाही, आणि साडूंनी ते गाव जन्मात पाहिलेलं नाही. गाव ग्रीसमधलं, समुद्रापासून दोन कोस आत, डोंगराच्या अंगावर. साडू मूळचे नाशिकचे, तीस वर्षं दोह्यात ड्राफ्ट्समन. त्यांचा साहेब त्या गावचा. सहा वर्षं दोघं एकाच गाडीतून साईटवर जात, आणि वाळवंटात बघण्यासारखं काही नसल्यामुळे साहेब आपल्या गावाबद्दल बोलत बसे. साहेब मायदेशी परतला त्याला वीस वर्षं झाली. जाताना गाव तेवढं आमच्या डोक्यावर ठेवून गेला.

गाव समुद्रावर का नाही? चाच्यांच्या भीतीनं. हे आमच्या सासूबाईंनासुद्धा पाठ होतं. चाचे गेले, मग व्हेनिसचे व्यापारी आले, त्यांनी किल्ला बांधला. मग तुर्क आले, त्यांनी तो वापरला. मग भूकंप झाला आणि किल्ल्यासकट अर्धं गाव खाली आलं. "बाकीचे लोक किनाऱ्याला सरकले, पण आमची वरची आळी काही हलली नाही," असं साडू सांगत. आमची म्हणे! दोह्यातच अल थुमामा भागात आमच्या घरी गणपतीला आले, की लोकांच्या हातात मोदक पडायचा अवकाश, नदीच्या गाळानं जुनं बंदर कसं बुजलं ते सुरू. माझा मुलगा "काका, नॉट अगेन" म्हणत खोलीत पळे. दुकानात ऑलिव्ह घेताना विचारत, डोंगराच्या कुठल्या अंगाचे? केरळी दुकानदार सांगे, फ्रिजमधले. एकदा तर त्यांनी अख्ख्या गावाचा नकाशा काढून आणला. म्हटलं, अहो, मापं कुठून आणलीत? तर म्हणाले, "साहेब दहा मिनिटं म्हणाले की मी सातशे मीटर धरतो. चढ असला तर सहाशे." मी त्यांची यथेच्छ टर उडवली. आज त्याची लाज वाटते.

यंदा त्यांना निवृत्त केलं. इथे नोकरी संपली की राहण्याचा परवानाही खलास. तीस वर्षं घासलीत ना, आता यल्ला, चालू लागा. कायमचं नाशिकला जाण्याआधी एकदा ते गाव बघायचं, एवढी एकच गोष्ट साडूंनी आयुष्यात स्वतःसाठी मागितली. तिकडच्या कुणाचं आमंत्रणपत्र असलं की व्हिसा सोपा जातो, असं त्यांना कळलं. साहेब निघताना म्हणालाच होता, "माझं घर तुझंच समज." साडूंनी ते खरं मानलं होतं. त्यांचं इंग्रजी नकाशापुरतं, म्हणून ईमेल मी लिहिला.

उत्तर आलं तेव्हा साडू आणि मेहुणी आमच्याकडेच बसली होती. मी वाचून दाखवलं. कतारमध्ये माझ्या हाताखाली पुष्कळ भारतीय होते, आपण त्यांतले कोण ते आठवत नाही. मी अथेन्सला असतो. गावी कित्येक वर्षांत गेलेलो नाही, तिथे बघण्यासारखं काही नाही. शुभेच्छा.

"सहा वर्षं माझ्या हातच्या पोळ्या खाल्ल्या मेल्यानं," मेहुणी म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चांगलं खरमरीत उत्तर लिहायला मी बोटं मोडूनच बसलो.

साडू म्हणाले, "कित्येक वर्षांत गेले नाहीत म्हणतात?"

"हो."

"मग लिहा त्यांना. बस थांबते तिथून खालच्या रस्त्यानं जाऊ नका म्हणावं, तिथे दरड येते. चर्चच्या मागून वर चढायचं, हौदापाशी डावीकडे, तिसरं घर. दाराशी अंजीर आहे. पायऱ्या एकोणीस, त्यातली वरून चौथी हलते. जपून चढा म्हणावं. वय झालंय त्यांचं."

मी मुकाट्यानं लिहिलं, ते सांगतील तसं. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात साडू नाशिकला गेले. परवा त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाले, "काय हो, पोचले का ते घरी?"

"पोचले असतील," मी म्हटलं.