तळघरातली दांडेलीची गाडी

मी नववीत शाळा सोडली. त्यामुळे गणिताच्या निवृत्त मास्तरांच्या घरी भाड्यानं राहायला आलो तेव्हा पहिले काही दिवस जिन्यावरून पाय न वाजवता जायचो. मास्तर असले निवृत्त, पण सवय कुठं जाते? एखाद्या सकाळी अडवून सतराचा पाढा विचारला तर? गाव माझं परभणीकडचं. नोकरी इकडं कानडी मुलखात, बेलूरच्या कारखान्यात, पंपांना रंग मारायची, आणि खोली रायापूरला, या घराच्या माडीवर. कानडी येत नव्हतं, माझी मराठी ऐकून इथली मराठी माणसंही हसायची. ही खोली गेली तर दुसरी कोण देणार, ही धास्ती मला जेवतानासुद्धा असायची. खरं तर जेवतानाच जास्त, कारण घरमालकीण काकू रोज जिन्याखालून विचारायच्या, "ऊटा आतेन?" जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं.

मास्तरांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णा म्हणू लागलो.

एका रविवारी काकूंनी मला पाण्याची मोटार चालू करायला तळघरात पाठवलं. घर उतारावर आहे, त्यामुळे मागच्या बाजूनं खाली एक लांबलचक खोली निघते. दिवा लावला आणि जागीच थांबलो. समोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जंगल होतं. कमरेइतक्या उंचीवर टेबलं मांडलेली, त्यावर झाडं, नाला, नाल्यावर पूल, आणि त्यातून वळणं घेत गेलेले बोटभर रुंदीचे रूळ.

"कोण ते? हात लावू नकोस, जंगल ओलं आहे!" टेबलाखालून आवाज आला. पाठोपाठ अण्णा रांगत बाहेर आले, बनियनवर, केसांत लाकडाचा भुसा. "तू रंगारी ना रे?"

"पंपाचा, अण्णा."

"पंपाचा तर पंपाचा. सागाचं पान उन्हाळ्यात कुठल्या रंगाचं होतं, सांग."

"आमच्याकडं साग नाही. कापूस आहे."

"मग कापूस आण. इंजिनाच्या धुराला लागतोच आहे."

माझी भरती अशी झाली.

ती अळणावर-दांडेलीची लाइन होती. इंग्रजांनी दांडेलीचं सागवान बाहेर काढायला जंगलातून घातलेली. अण्णांचं गाव तिच्या कडेला. वडील अळणावरला लाकडाच्या डेपोत हमाल, आठवडाभर तिकडंच राहायचे. आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, चौथीतून शाळा सोडली आणि घर हातात घेतलं. अण्णा मात्र या गाडीनं अळणावरच्या शाळेत जायचे. रोज सकाळी अक्का त्यांना गाडीपर्यंत सोडायची, ते आत जाऊन खिडकीशी बसले की वडिलांच्या भाकरीचा डबा खालून त्यांच्या हातात द्यायची. पुढे अण्णा मास्तर झाले, पहिल्या पगारात सुभाष रोडवरच्या दुकानातून साडी घेतली ती अक्काला.

"हे सगळं तिच्यासाठी चाललंय," अण्णा म्हणाले. "तिनं एकदा इथं उभं राहून म्हणावं, आपलीच गाडी ही. एवढंच."

काकूंना हे पटलेलं होतं, पण त्यांच्या स्वयंपाकघराला नव्हतं. रुळांमधली खडी म्हणून अण्णांनी जाडा रवा पसरला होता. महिन्याभरात मुंग्यांनी पुलापासून अळणावरपर्यंतची लाइन उचलून नेली. "मुंग्या कामाला लागल्या की बघा, तुमच्या रेल्वेपेक्षा बऱ्या," काकू म्हणाल्या आणि पुढची खडी तिची होऊ नये म्हणून खसखशीचा डबा कपाटात कुलपात ठेवला. शेवटी मी कारखान्याच्या आवारातली बारीक खडी चाळून आणली. त्या दिवसापासून अण्णा मला गँगमन, म्हणजे रूळ राखणारा, म्हणू लागले. लोकांसमोर अशी कोणी हाक मारावी, याचं मला फार अप्रूप वाटायचं, आणि हे अप्रूप कधी काढून घेतील याची काळजीही.

सगळ्यात अवघड काम अण्णांनी शेवटी दिलं. माणसं. तारेवर पुट्टी लावून शेंगदाण्याएवढी माणसं करायची. मी दोन केली. एक खिडकीतून हात पुढं काढलेला मुलगा. दुसरी हिरव्या परकरातली मुलगी, रुळांशेजारी उभी, हात वर केलेला, हातात डबा म्हणून एक चंदेरी मणी. अण्णांनी ती मुलगी भिंगातून पाहिली आणि चष्मा पुसत बसले. मग स्वतःच्या हातानं ती जागेवर चिकटवली. मुलगा गाडीच्या डब्यात बसला, वरून छप्पर चिकटवलं. "आता हे हलायचं नाही," ते म्हणाले.

खंडेनवमीला अक्का आली. गुडघे दुखतात म्हणून बरेच दिवस टाळत होती. गाडीची पूजा आहे म्हटल्यावर मात्र नाही म्हणता येईना. तळघराचा जिना ती बसत बसत उतरली.

"काय कोळशाच्या खाणीत नेतायसा मला?"

"अक्का, जपून," काकू.

"जपूनच चाललंय. पडलं तर ह्या पोराच्या अंगावर पडंन, मऊ दिसतंय."

मी खरोखरच एक पायरी खाली, हात पसरून उभा होतो.

काकूंनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची एकच पाकळी ठेवली, अख्खं फूल ठेवलं असतं तर इंजिन दिसलं नसतं. अण्णांनी बटण फिरवलं. गाडी जंगलातून निघाली, पुलावरून खडखडत आली आणि त्यांच्या गावाशी थांबली. मुलाची खिडकी बरोब्बर मुलीसमोर. हे जमायला आम्हांला किती रविवार लागले होते!

"बघ, कोण ते?" अण्णांचा आवाज चढला होता.

अक्का वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"ही मी?"

"तू."

"आन् ह्यो खिडकीतला?"

"मी."

अक्का सरळ झाली. "मला भाईरच उभी केलीस की रं!"

अण्णांना कळेना. "अगं, तू डबा द्यायचीस ना..."

"द्यायची की. रोज द्यायची. पर गाडीत बसले न्हाई कधी, ठावं हाय तुला?"

"कधीच नाही?"

"घरात धाकटी दोघं. चूल. मग लगीन झालं, गेले बैलगाडीतनं. म्हातारपणी कवातरी बसंन म्हटलं, तर गाडीच बंद. खऱ्या गाडीत न्हाई ते न्हाई, तुझ्या खेळातल्या गाडीत तरी आत घालायचीस. हितं तर तिकीट बी लागत न्हाई."

ती हसत होती, पण अण्णा हसत नव्हते. ती पुट्टीची मुलगी माझ्या हातची होती. आता दोघांपैकी कुणीतरी वर निघून जाईल आणि हे दार कायमचं लागेल, असं मला वाटू लागलं. मी बोललो ते धीरानं नाही, भीतीनंच बोललो.

"अण्णा, काढू का तिला? बसवता येईल आत."

"घट्ट बसलीय ती," अण्णा कसेबसे म्हणाले.

"काढ रं पोरा," अक्का म्हणाली.

मी ब्लेड घेतलं. गावाकडं चूल सांभाळणारी माझी बहीणही तेवढ्यात आठवली, पण हातात ब्लेड होतं म्हणून तिला बाजूला सारलं. मुलगी निघाली, पाय मात्र घोट्यापासून तिथंच राहिले.

"अय्यो, पाय मोडले की!" काकू ओरडल्या.

"असू दे. माझंबी गुडघं गेल्यात. आता कुठं खरी दिसाय लागले."

छप्पर उचकटलं. मुलगा निघाला तो बाकाचा तुकडा घेऊनच. तिला मी खिडकीशी बसवलं, परकर बाहेर येऊ नये म्हणून जरा घासून. मग मुलगा हातात धरून अण्णांकडं पाहिलं.

"ह्याचं काय करू?"

"त्याला ठेव खाली," अक्कानंच सांगितलं. "डबा त्याच्याकडं दे. कुणीतरी द्याया नको व्हय?"

त्याचा हात मुळातच पुढं केलेला होता. मणी बरोबर बसला. तिच्या हातातला डबा सुटल्यावर तो वर केलेला हात असा दिसू लागला, जणू ती कुणाला तरी टाटा करते आहे. हे मी ठरवून केलं नव्हतं. अण्णांनी भिंग घेऊन पाहिलं आणि पहिल्यांदा हसले. "शाळेत जायच्या वेळी हा पोरगा बाकासकट बाहेर?"

"शिक्षा केलीय त्याला," काकू म्हणाल्या.

गोंद वाळेपर्यंत अक्का त्यावर फुंकर घालत राहिली. मग अण्णांनी बटण तिच्या हातात दिलं. पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसारखं, लांब वायरीचं ते बटण तिनं पदरानं पुसून घेतलं.

"हळू फिरव. आधी एकवर. मग थांब. मग..."

"गप रं. हितं शाळा नको घेऊस."

गाडी सुटली. अक्का टेबलाच्या कडेनं सरकू लागली, एक हात बटणावर, एक टेबलावर, डोळे खिडकीवर. गाव मागं पडलं, झाडं गेली. पुढं अळणावर स्टेशन, तिथून रूळ वळसा घालून परत जंगलात शिरतात. काकू जेवायला चला म्हणत होत्या, कुणी ऐकत नव्हतं.

"अक्का, अळणावर आलं. थांबव आता."

"मला कुठं उतरायचंय?"

गाडी अळणावरला न थांबता पुढं गेली आणि अण्णा अक्काच्या मागून टेबलाच्या कडेकडेनं चालू लागले.